डोक्यावरून चढलेली घरं

नेरळहून घाट चढून आलेली गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे माथेरानच्या हद्दीत खाजगी मोटार नाही, मोटरसायकल नाही. रुग्णवाहिका, आगीचा बंब आणि अलीकडे काही ई-रिक्षा एवढेच काय ते अपवाद. नाक्यावर प्रवासी कराची पावती घ्यायची आणि लाल मातीच्या वाटेला लागायचं. बाजारपेठ तिथून अडीच-तीन किलोमीटर आत. गावातल्या प्रत्येक वस्तूने हा पल्ला असाच पार केलेला असतो. हॉटेलातली गादी, स्वयंपाकघरातली गॅसची टाकी, सकाळचं दूध, छपरावरचं कौल, यांतलं काही घोड्याच्या पाठीवरून आलं, काही हातगाडीवरून, काही छोट्या रेल्वेतून आणि पुष्कळसं माणसांच्या डोक्यावरून.

माथेरानच्या जुन्या बंगल्यात मुक्कामाला जाणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं. त्या बंगल्यांच्या वयाचं, रुंद व्हरांड्यांचं, उंच छताच्या खोल्यांचं कौतुक पुष्कळ झालं आहे आणि ते रास्तही आहे. पण ही घरं आणि त्यांच्या भोवतीचं जंगल आजवर एकत्र नांदलं, ते वर काय न्यायचं आणि किती न्यायचं याला एक हद्द होती म्हणून. ती हद्द घोड्याच्या पाठीने आणि माणसाच्या मानेने ठरवली. जंगल राहिलं, त्याचं मोल त्या मानेने चुकवलं. माझ्या मते या दोन गोष्टी एका दमात सांगायला हव्यात.

कागदोपत्री माथेरान राष्ट्रीय उद्यान नाही, अभयारण्यही नाही. मेळघाटात कोलकासच्या किंवा सेमाडोहच्या विश्रामगृहात आपण उतरतो, तेव्हा वनखात्याच्या राज्यात पाहुणे म्हणून उतरतो. तिथे घर जंगलाच्या कामासाठी बांधलेलं असतं. माथेरानात क्रम वेगळा पडला. माणसं इथे राहायच्याच इराद्याने आली, १८५०च्या दशकात त्यांनी घरं बांधली, १९०५मध्ये नगरपालिका झाली, आणि आजचं कायद्याचं कडं पडलं ते थेट ४ फेब्रुवारी २००३ला. त्या दिवशी केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. म्हणजे मधली दीडशे वर्षं मुंबईकरांची सुट्टी आणि सह्याद्रीचं सदाहरित रान एकाच सात चौरस किलोमीटरच्या माथ्यावर शेजारी-शेजारी राहिली. महाराष्ट्रात दुसरीकडे असं फारसं घडलेलं नाही.

या गोष्टीची सुरुवात खालापूर तालुक्यातल्या चौक गावी होते. १८५०च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याचा तळ चौकला पडला होता. हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडत असे. डोंगर समोरच उभा. एका संध्याकाळी मॅलेट चढायला लागला आणि वरच्या झाडीने त्याला असं ओढलं, की दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वर गेला. पुढच्या थंडीत येऊन त्याने मुक्काम केला आणि मग घर बांधलं. ‘बाइक’ हे त्या घराचं नाव. त्याच नावाचं हॉटेल आजही माथेरानात चालू आहे. पाठोपाठ कॅप्टन बार याचं घर झालं. ते १८५२चं मानलं जातं. मग मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने मनावर घेतलं. चौकवरून रामबागेकडून वर येणारी वाट आखली गेली, माथ्यावर रस्ते पडले, एल्फिन्स्टन लॉज उभं राहिलं आणि गव्हर्नर येतो म्हटल्यावर मुंबईतली बडी मंडळी यायला लागली.

मॅलेटने माथेरान ‘शोधलं’ असं अजून सर्रास लिहिलं जातं, ते सोडून द्यावं. धनगर, ठाकूर आणि कातकरी या डोंगरावर आधीपासून वावरत होते. पिसरनाथ या देवाचं ठाणं होतं. डॉ. स्मिथ नावाच्या लेखकाने १८७१मध्ये या डोंगरावर एक पुस्तक प्रसिद्ध केलं, त्याच्या नावातच माणसं आधी आणि झाडं-प्राणी नंतर असा क्रम आहे. हा क्रम पुढच्या कित्येक पर्यटन-पुस्तिकांनी उलटा केला आणि माणसं गाळूनच टाकली.

१८५६मध्ये कल्याणहून खोपोलीपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि नेरळ मुंबईच्या आवाक्यात आलं. सकाळी बोरीबंदरला बसायचं, नेरळला उतरायचं आणि घोड्यावरून, डोलीतून किंवा पायी डोंगर चढायचा. पारशी, बोहरी, गुजराती, मराठी अशी मुंबईतली धनवान कुटुंबं सरकारकडून भाडेपट्ट्याने जागा घेऊन बंगले बांधू लागली. यांतल्याच काही बंगल्यांची पुढे हॉटेलं झाली. रग्बी, लॉर्ड्स सेंट्रल ही नावं मुंबईकरांच्या तीन-चार पिढ्यांच्या तोंडी आहेत. लॉर्ड्स सेंट्रल पारशी कुटुंबाने चालवलं; तिथे खोलीच्या भाड्यात दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा सगळं धरलेलं असतं आणि जेवणाची वेळ ठरलेली असते. बाहेर जाऊन काही वेगळं खाऊ, असा विचार जुन्या माथेरानात पाहुण्याने करायचा नसे, कारण शिधा मोजून आणलेला असे.

आता बंगल्याची घडण. दगड-माती डोंगरावरच होती: खाली काळा पाषाण, वर जांभ्याचं टोपण, आणि त्याच जांभ्याची ती प्रसिद्ध लाल धूळ. चुना, सागवान, लोखंड, कौलं, काचा हे सारं खालून यायचं. म्हणून ही घरं बैठी आहेत. चौथरा उंच, कारण पावसाळ्यात जमीन वाहते. चारी बाजूंनी किंवा निदान तीन बाजूंनी व्हरांडा, कारण वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही. दरीतून उलटा, आडवा, धुक्याबरोबर येतो. भिंत वाचवायची तर तिच्यापुढे दहा-बारा फूट छप्पर काढायला हवं. व्हरांडा आज आपण बसायची जागा म्हणून पाहतो. मुळात ती भिंतीची छत्री आहे. जूनमध्ये बंगले बंद करताना या व्हरांड्यांना झावळ्यांचे, पेंढ्याचे, अलीकडे पत्र्याचे आणि प्लॅस्टिकचे आडोसे लावतात आणि पाऊस ओसरला की काढतात. हे काम ज्याला येतं तो माळी किंवा चौकीदार बंगल्याचा खरा जाणता असतो. मालक वर्षातून दोन आठवडे येतो, चौकीदार बारा महिने राहतो.

स्वयंपाकघर मुख्य घरापासून तोडून मागे बांधलेलं. आग लागली तर सागवानी घर वाचावं आणि धूर आत येऊ नये, हे एक कारण. दुसरं कारण असं, की मागच्या बाजूला राबणारी माणसं पुढच्या बाजूला दिसू नयेत. बंगल्याचा नकाशा नीट पाहिला तर त्या काळची समाजरचना त्यात सरळ वाचता येते.

कॅप्टन बारचं ते घर, बार हाउस, पाहायला हवं ते यासाठी, की ते दरीच्या काठावर नाही. काठावरच्या हॉटेलांतून प्रबळगड दिसतो, इर्शाळगडाचा सुळका दिसतो, खालापूरच्या बाजूला मोरबे धरणाचं पाणी दिसतं. बार हाउसच्या भल्यामोठ्या व्हरांड्यातून दिसतात ती झाडं आणि फक्त झाडं. काही वर्षांपूर्वी त्याचं हॉटेल झालं, तेव्हा ‘रानातला व्हरांडा’ अशाच अर्थाचं नाव त्याला दिलं गेलं. मला काठावरच्या खोलीपेक्षा असं घर अधिक आवडतं. दरी आपण पाहतो आणि उठून जातो. जंगलासमोर मात्र बसावं लागतं, तेव्हा ते थोडं-थोडं दिसायला लागतं.

काय दिसतं? अंजनीची झाडं. माथेरानच्या रानाचा कणा म्हणावं इतकी अंजनी इथे आहे. बुटकी, वाकडी, दाट पानांची, जळणाखेरीज बाजारात किंमत नसलेली. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके लगडतात आणि अख्खी वाट निळी होते. तिच्या जोडीला जांभूळ, आंबा, हिरडा, पिसा. त्यांच्यावर चढलेल्या जाडजूड वेली. या रानाची कमान इतकी दाट, की एप्रिलमधल्या भर दुपारी वाटेवर सावली असते, आणि नेरळच्या फलाटावर पोळत असताना वर अंगाला गारवा जाणवतो. माथा ८०० मीटर उंच आहे, पण निव्वळ उंचीने एवढा फरक पडत नाही. भोवतालचे तितकेच उंच उघडे डोंगर दुपारी भाजून निघतात. माथेरानचा गारवा बराचसा या झाडांनी केलेला आहे, हॉटेलवाले ज्याचे पैसे घेतात तो माल मुळात अंजनीने तयार केला आहे.

पहाटे शीळकरी कस्तूर शीळ घालतो. त्याचं गाणं माणसाने रमतगमत वाजवलेल्या शिट्टीसारखं, मध्येच सूर सोडणारं आणि पुन्हा उचलणारं आहे. ते एकदा ऐकलेला माणूस दुसऱ्या दिवशी आपोआप लवकर उठतो. माकडं मात्र वेगळा विषय आहे. पाहुण्यांनी दिलेल्या चिक्की-वेफर्सवर वाढलेली टोळकी व्हरांड्यात शिरतात, टेबलावरचा पाव उचलतात. जुन्या व्हरांड्यांना जाळ्या लागल्या त्या यामुळे. खायला देणं थांबवणं एवढा एकच उपाय आहे आणि तो पूर्णपणे पाहुण्यांच्या हातात आहे.

पाणी हा इथल्या मुक्कामाचा जुना प्रश्न. एवढा पाऊस पडूनही माथा लहान आणि उतार तीव्र, त्यामुळे पाणी धावत खाली जातं. शार्लोट तलाव बांधला तो त्यासाठी, पिसरनाथाच्या देवळाशेजारीच. आता नेरळच्या बाजूने पाणी उपसून डोंगरावर चढवावं लागतं. बादलीभर गरम पाण्यात आंघोळ उरकण्याची जुन्या हॉटेलांतली रीत म्हणूनच शहाणपणाची होती. नव्या हॉटेलांतले पोहण्याचे तलाव पाहिले की मला हे पाणी किती चढून आलं असेल याचा विचार सोडत नाही.

रेल्वेने या मुक्कामाची रीत बदलली. मुंबईचे बोहरी उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याच्या जिद्दीने ती झाली. १९०४मध्ये काम सुरू झालं, १९०७मध्ये गाडी धावली, सोळा लाख रुपये लागले. दोन फुटी रूळ, वीसेक किलोमीटरची वाट, काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट चढ आणि वळणं तर मोजता येणार नाहीत इतकी. बार्शी लाइट रेल्वेचे जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी इंजिनांची आखणी सुचवली आणि जर्मनीच्या ओरेन्स्टाइन अँड कॉपेल कंपनीने ती बांधून पाठवली. साध्या इंजिनाची चाकं एका ताठ चौकटीत अडकलेली असतात. इतक्या आवळ वळणावर ती रूळ सोडतील. या इंजिनांच्या पुढच्या-मागच्या आसांना आतून खेळ दिलेला होता, त्यामुळे वळणात ती चाकं स्वतःहून किंचित कलत. अशा चार इंजिनांतलं एक आज इंग्लंडमध्ये जतन केलेलं आहे. पावसाने या वाटेचे वेळोवेळी हाल केले. २६ जुलै २००५च्या प्रलयात रूळ वाहून गेले, २०१९च्या पावसात पुन्हा गेले, आणि २०२२च्या ऑक्टोबरात नेरळहून गाडी पुन्हा सुरू झाली. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते, पण दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंत एवढी फेरी चालते आणि गावाचं सामानसुमान तिच्यावर बरंच अवलंबून असतं.

या गावच्या सेवेच्या अर्थकारणातून आलेला एक माणूस साऱ्या कर्जत-खालापूरला ठाऊक आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, अर्थात भाई कोतवाल. १ डिसेंबर १९१२ला माथेरानात नाभिक कुटुंबात जन्म. बडे लोक जिथे हवा खायला येत, तिथे त्यांच्या दाढ्या करणाऱ्या घरातला मुलगा वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेत निवडून गेला, डोंगराखालच्या शेतकऱ्या-आदिवासींसाठी शाळा काढल्या आणि सावकारी पाशातून त्यांना सोडवायला धान्याच्या पेढ्या उभ्या केल्या. १९४२च्या चळवळीत त्याने आझाद दस्ता नावाचं भूमिगत पथक बांधलं. खोपोली-भिवपुरीकडून मुंबईला वीज नेणारे मनोरे या दस्त्याने पाडले. हे मनोरे दस्त्यातल्या माणसांच्याच रानांतून जात होते आणि वाटा त्यांच्या पायाखालच्या होत्या. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील मारले गेले. माथेरानच्या बंगल्यांचा इतिहास सांगताना गव्हर्नरांची यादी देतात, तिच्यात कोतवालांचं नाव नसतं. मला वाटतं, ते सगळ्यात आधी यावं.

कोतवालांनी ज्यांच्यासाठी धान्याच्या पेढ्या काढल्या, त्यांचीच नातवंडं-पतवंडं आज माथेरानला चालवतात. डोंगराच्या अंगाखांद्यावर ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. तिथली माणसं पहाटे पायवाटेने चढून हॉटेलांत कामाला येतात आणि संध्याकाळी उतरतात. बायका डोक्यावर पाटी घेऊन येतात: पालेभाजी, पावसाळ्यात रानभाज्या, उन्हाळ्यात करवंदं, जांभळं. नाक्यावर हमाल असतात. दोन बॅगा डोक्यावर, एक खांद्याला, आणि पाहुण्याच्या पुढे चालायचं. घोडेवाले असतात, घोड्याच्या बाजूने दिवसभर पायी. आणि हातरिक्षा होत्या. एक पुढून ओढायचा, एक-दोघं मागून ढकलायचे, चढावर ओढणाऱ्याचं अंग जमिनीला समांतर व्हायचं. परवानाधारक हातरिक्षा ९४ होत्या. म्हातारी माणसं, आजारी माणसं, शाळकरी पोरं यांना दुसरं साधन नव्हतं हे खरं. त्या साधनाखाली एक माणूस जुंपलेला होता हेही तितकंच खरं.

मोटारबंदीने जंगल वाचवलं यात मला तिळमात्र शंका नाही. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपसारख्या संस्थांनी माथेरानसाठी वर्षानुवर्षं न्यायालयात आणि मंत्रालयात लढा दिला नसता, तर लोणावळ्याचं जे झालं ते इथे झालं असतं. इमारती किती उंच, झाड तोडायचं की नाही, वाटा कशाच्या, यावर आज जे निर्बंध आहेत ते राहिले पाहिजेत. पण मोटारबंदी म्हणजे माणसाने माणसाला ओढणं असा अर्थ होऊ द्यायला नको होता, आणि तो फार वर्षं होऊ दिला गेला.

२०२२च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने काही ई-रिक्षा प्रयोग म्हणून धावल्या. शाळेची मुलं, रुग्ण आणि वयस्क यांना त्यांचा फार आधार झाला. ६ ऑगस्ट २०२५ला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला आणि माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा अमानुष ठरवली. दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य वाटेवर मातीचे पेव्हर ब्लॉक चालतील, आतल्या वाटांवर आणि पायवाटांवर नाहीत, हेही त्याच आदेशात आहे. ही रेघ योग्य जागी ओढली आहे असं मला वाटतं. मुख्य वाट पावसात धुपते, लाल माती नाल्यांतून दरीत जाते, झाडांची मुळं उघडी पडतात. ती एक वाट बांधून घ्यावी. बार हाउसकडे, शार्लोटकडे, रामबागेकडे जाणाऱ्या वाटा माती-दगडाच्याच राहाव्यात. ई-रिक्षांचे परवाने मात्र ज्यांनी आयुष्यभर हातरिक्षा ओढली त्यांच्याच हाती जायला हवेत. त्यांच्या पाठीवर ही प्रथा चालली, तर तिच्या बदल्यात येणारी कमाईही त्यांचीच.

वाड्यांचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. पाटी घेऊन चढणाऱ्या बाईची चढण दस्तुरीच्या बरीच खाली, स्वतःच्या उंबऱ्यापासून सुरू होते, आणि ई-रिक्षा तिथे पोचत नाही. डोंगरावरच्या वाड्या कित्येक वर्षं रस्ता मागत आहेत. रात्री बाळंतीण अडली किंवा कुणाला साप चावला की झोळी करून खाली न्यावं लागतं. मध्ये वनजमीन आहे, संवेदनशील क्षेत्राचे नियम आहेत आणि रस्ता झाला की मागोमाग फार्महाउसं चढतील ही भीती आहे. कर्जत-खालापूरच्या पायथ्याला ती कशी चढली हे सगळ्यांनी पाहिलं असल्याने ती भीती खोटी म्हणता येत नाही. तरी १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदत करणाऱ्यांना चौकच्या बाजूने अंधारात, पावसात पायी चढावं लागलं होतं. वाडीचा रस्ता दवाखान्यासाठी आणि शाळेसाठी असतो. तो वाडीपर्यंत व्हावा, तिथेच संपावा, त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन विकायला बंदी असावी. दस्तुरीवरचा अडसर जिथे आहे तिथेच राहू द्यावा.